किनाऱ्यावरचा भूकंप, तळ्यावरचं शहर : मेक्सिको सिटी, १९८५

दर वर्षी १९ सप्टेंबरला सकाळी ७ वाजून १९ मिनिटांनी मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात झेंडा अर्ध्यावर उतरवतात. १९८५चा भूकंप झाला मात्र ७ वाजून १७ मिनिटांनी. दोन्ही वेळा बरोबर आहेत. ७:१७ला मिचोआकान राज्याच्या प्रशांत किनाऱ्याखाली कोकोस प्लेट उत्तर अमेरिकन प्लेटखाली सरकली आणि ७:१९ला त्याची झळ शहरात पोचली. मधली दोन मिनिटं म्हणजे सुमारे ३८० किलोमीटरची वाट. हे प्रकरण त्या वाटेचं आहे.

भूकंप मोठाच होता, मॅग्निट्यूड ८.०. तरी इतक्या लांबच्या भूकंपानं दिवे झुलावेत, भिंतींना तडे जावेत, लोक घाबरून रस्त्यावर यावेत, एवढीच अपेक्षा असते. इथं शहरातल्या सुमारे चारशे इमारती कोसळल्या. मृतांचा आकडा कुणी पाच हजार सांगतं, कुणी दहा हजार. आणि ज्या किनाऱ्याखाली हे घडलं, तिथली गावं त्या मानानं बचावली.

या उफराट्या हिशेबाच्या दोन नोंदी आपल्या हातात आहेत. पहिली उनाम या राष्ट्रीय विद्यापीठाच्या आवारातली. हे आवार शित्ले ज्वालामुखीच्या लाव्हावर, म्हणजे कातळावर उभं आहे. दुसरी दळणवळण मंत्रालयाच्या आवारातली. भूकंपशास्त्रात ती ‘एससीटी’ या तीन अक्षरांनी ओळखली जाते. दोहोंमध्ये जेमतेम आठेक किलोमीटर अंतर. ३८० किलोमीटरवरून पाहिलं तर दोन्ही जागा एकच. पण उनाममध्ये जमिनीचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या तीनेक टक्के भरलं आणि एससीटीत १७ टक्के. तुटलेल्या भेगेच्या अगदी डोक्यावर, किनाऱ्यावरच्या कालेता दे काम्पोस केंद्रात हाच आकडा १५ टक्क्यांच्या आसपास होता. घाव बसला तिथल्यापेक्षा ३८० किलोमीटरवर जमीन जास्त हलली.

एससीटीचा आलेख पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, चुकून भलताच कागद हातात आला. भूकंपाची नोंद म्हणजे एरवी बाभळीची फांदी : काटेच काटे, मधेच एखादा लांब, पुन्हा बारीक. इथं मात्र प्रयोगशाळेत यंत्रानं काढावी तशी गुळगुळीत नागमोडी रेघ आहे. एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत दोन सेकंद, पुन्हा दोन सेकंद, पुन्हा दोन सेकंद. १७ टक्के त्वरण आणि दोन सेकंदांचा आवर्तकाल घेऊन साधा हिशेब केला तर जमीन मधल्या जागेपासून सुमारे १७ सेंटीमीटर एकीकडे आणि लगेच तितकीच दुसरीकडे जात होती. म्हणजे वीतभराहून मोठा झोका, दर दोन सेकंदांनी, आणि तो थांबायला दोन-अडीच मिनिटंसुद्धा पुरली नाहीत.

त्यातून दोन प्रश्न निघतात. दोनच सेकंद का? आणि इतका वेळ का? पहिल्याचं उत्तर आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. दुसऱ्यावर तज्ज्ञ पुढची दहा-पंधरा वर्षं भांडले. माझ्या मते खरं प्रकरण तिथंच आहे, पण पहिलं उलगडल्याशिवाय दुसऱ्याकडे जाता येत नाही.

तळ्याची माती

अझ्टेकांनी १३२५च्या सुमारास तेनोच्तित्लान वसवलं ते तेस्कोको तळ्यातल्या बेटावर. १५२१मध्ये स्पॅनिशांनी ते जिंकलं आणि त्याच जागी आपली राजधानी बांधली. पूर येऊ लागले तसं तळ्याचं पाणी बाहेर काढायचं ठरलं, आणि तो उद्योग १६०७पासून तीनशे वर्षं चालला. तळं गेलं, तळाचा गाळ राहिला. आज त्या गाळावर शहराचा मध्यभाग आहे, समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंचीवर.

हा गाळ साधा नाही. ज्वालामुखीची राख आणि तळ्यातल्या सूक्ष्म शैवालांची कवचं मिळून झालेली ही चिकणमाती आहे. तिच्यात पाण्याचं प्रमाण ३०० ते ४०० टक्के असतं. म्हणजे एक किलो कोरडी माती तीन-चार किलो पाणी धरून बसलेली. आपल्याकडे पावसाळ्यातली काळी माती पाऊल धरते तेव्हाही तिच्यात याच्या एक-अष्टमांश पाणी असेल-नसेल. मी याला खरवस म्हणतो. कुकरमधून काढलेल्या डब्यातला खरवस कापला की कड सरळ उभी राहते, म्हणजे तो घनच. पण डब्याच्या कडेला टिचकी मारली की डबा कधीच थांबतो आणि आतला खरवस आपल्या लयीत हलत राहतो.

ही लय ठरवायला दोनच गोष्टी लागतात : थराची जाडी आणि त्यातून आडव्या हेलकाव्याची, म्हणजे कर्तन लहरीची, जाण्याची गती. कातळात ही गती सेकंदाला दोन-तीन किलोमीटर असते. एससीटीखालच्या मातीत ती सरासरी सुमारे ७५ मीटर आहे. म्हणजे ताशी २७० किलोमीटर, एखाद्या बुलेट ट्रेनच्या वेगाइतकी. मातीची जाडी सुमारे ३८ मीटर. खाली कातळाला चिकटलेला आणि वर मोकळा असा थर ज्या आवर्तकालाला सगळ्यात सहज हलतो, तो काढायला जाडीला चारनं गुणायचं आणि गतीनं भागायचं. ३८ चोक १५२, भागिले ७५. उत्तर दोन सेकंद.

या हिशेबात भूकंपाचा आकार, अंतर, दिशा काहीच नाही. दोन सेकंद हा जमिनीचा स्वभाव आहे. भूकंप फक्त टिचकी मारतो. दोन सेकंदांच्या आसपास एससीटीचं हलणं उनामच्या आठ-दहा पट होतं, आणि हे अनुस्पंदन, रेझोनन्स, ठाऊक नव्हतं असंही नाही. १९७६च्या बांधकाम नियमावलीत शहराचे तीन विभाग होतेच : डोंगर, संक्रमण आणि तळं.

अंदाज चुकला तो मातीच्या दमाबद्दल. साधारण माती जोरात हलवली की तिचे कण एकमेकांवर घासतात, ती सैल पडते आणि बरीच ऊर्जा स्वतःच गिळते. म्हणून ‘मोठ्या भूकंपात मऊ जमीन स्वतःच ब्रेक लावते’ असा एक दिलासा असायचा. मेक्सिकोची माती इतकी चिवट निघाली की तिनं ब्रेक लावलाच नाही. प्लॅस्टिसिटी इंडेक्स, म्हणजे मातीच्या चिवटपणाचा आकडा, दोनशेच्या पुढे असलेली ही माती मोठ्या झोक्यातही जवळपास स्प्रिंगसारखी वागली आणि अवमंदन, म्हणजे झोका विझवण्याची तिची ताकद, काही टक्क्यांपलीकडे गेलं नाही. त्या मातीवरच्या, दोन सेकंदांच्या आवर्तकालाच्या इमारतीला सोसावा लागणारा आडवा जोर जवळजवळ तिच्या स्वतःच्या वजनाइतका झाला. इमारतीच्या वजनाचा कितवा भाग आडवा जोर म्हणून धरायचा, त्याचा नियमावलीत तळ्याच्या विभागासाठी गुणक होता ०.२४. भूकंपानंतर तातडीनं तो ०.४० केला गेला.

इमारतींच्या निवडीत क्रूरपणा होता. दहा मजल्यांच्या चौकटीचा आवर्तकाल ढोबळमानानं एक सेकंद धरतात. दोन सेकंदांच्या जमिनीवर ती सुरुवातीला तशी सुरक्षितच. पण झोके खाऊन खांब-तुळयांना तडे जाऊ लागतात, इमारत मऊ होते, तिचा आवर्तकाल एकावरून दीडवर आणि पुढे दोनकडे सरकतो. म्हणजे जखमी होत होत ती नेमकी जमिनीच्या लयीत शिरते. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती सर्वाधिक गेल्या त्या अशा. वसाहतकाळातल्या दोन-तीन मजली दगडी वाड्यांचा आवर्तकाल इतका छोटा की तडे जाऊनही ते दोन सेकंदांपर्यंत पोचत नव्हते. उलट बाजूला ४४ मजल्यांची तोरे लातिनोआमेरिकाना. १९५६ची ही इमारत लिओनार्दो सेव्हार्ट आणि नेथन न्यूमार्क यांच्या हिशेबावर उभी आहे आणि तिचा आवर्तकाल साडेतीन सेकंदांच्या आसपास. तडे जाणं म्हणजे तिच्यासाठी दोन सेकंदांपासून आणखी लांब पळणं. ती उभी राहिली. या इमारतीचं कौतुक सगळेच करतात, रास्तच आहे. पण तिच्या सावलीतली आठ मजली इमारत पडली ती केवळ सिमेंट कमी घातलं म्हणून, असं समजून चालायचं नाही.

थरांमधून येणारी लहर

आता वाट. भूकंपाच्या जागेपासून प्राथमिक आणि दुय्यम लहरी खोलातून सगळीकडे पसरतात. त्या गोळ्यासारख्या फुगत जातात, त्यामुळे अंतर आठपट झालं की आयाम, म्हणजे झोक्याचा आकार, आठव्या हिश्शावर येतो. भूपृष्ठ लहरी फक्त वरच्या कवचात, तळ्यातल्या वर्तुळांसारख्या पसरतात. अंतर आठपट झालं तरी त्यांचा आयाम तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास राहतो. म्हणून लांबच्या शहराला भेटायला येतात त्या मुख्यतः पृष्ठलहरी.

त्यांचे दोन प्रकार. लॉर्ड रॅली यांनी १८८५मध्ये, या भूकंपाच्या बरोबर शंभर वर्षं आधी, कागदावर दाखवलं की घन पदार्थाच्या मोकळ्या पृष्ठभागाला धरून एक लहर धावू शकते. तिच्यात जमिनीचा कण उभ्या प्रतलात लंबवर्तुळ काढतो, आणि तेही उलट्या दिशेनं : लहर पुढे चाललेली असताना वर आलेला कण मागे जातो. तिची गती कर्तन लहरीच्या सुमारे ९२ टक्के. रॅलींच्या गणितात जमीन खालपर्यंत एकसारखी होती. पण भूकंपमापकांवर जमीन नुसती आडवी हलल्याचंही दिसायचं, आणि त्या गणितात त्याला जागा नव्हती. ऑगस्टस लव्ह यांनी १९११मध्ये ती जागा करून दिली : कठीण थरावर मऊ थर असेल तर आडवी कर्तन लहर मऊ थरात कोंडली जाते, वरच्या पृष्ठभागावर आणि खालच्या कठीण थरावर आपटत, घसरत पुढे जाते. थर नसतील तर लव्ह लहर नाहीच. इमारतीच्या दृष्टीनं वाईट तीच, कारण इमारती उभं वजन पेलायला बांधलेल्या असतात आणि ही ढकलते आडवं.

थरांमुळे दुसरीही एक गोष्ट होते आणि या प्रकरणाची किल्ली तीच आहे. पृष्ठलहरीला ‘खोली’ असते. ती साधारण आपल्या तरंगलांबीच्या एक-तृतीयांश ते निम्म्या खोलीपर्यंतची जमीन जाणवून घेते. छोटी लहर फक्त वरचे मऊ थर पाहते, म्हणून रेंगाळते. लांब लहर खालच्या कठीण थरात पाय टेकवून जाते, म्हणून पुढे निघते. एकाच धक्क्यातून निघालेल्या लहरी अशा वाटेत पांगतात. प्रकाशाच्या धड्यात आपण शिकलो ते अपस्करण ते हेच. ३८० किलोमीटरची वाट सेकंदाला साडेतीन किलोमीटरनं कापायला १०९ सेकंद लागतात, २.८ किलोमीटरनं १३६. किनाऱ्यावर एकदम निघालेली वरात शहराच्या वेशीवर येईपर्यंत नुसत्या चालीच्या फरकानं अर्ध्या मिनिटाची झालेली असते. त्यात १९८५ला भेग एका दमात फाटलीच नाही. दोन मोठे टप्पे होते, त्यांच्यात पंचवीसेक सेकंदांचं अंतर.

रॅली लहर मऊ थरात शिरल्यावर तिची चालही बदलते. थराच्या स्वतःच्या आवर्तकालाजवळ तिचं लंबवर्तुळ इतकं चपटं होतं की उभं हलणं जवळपास नाहीसं होतं आणि उरतं ते आडवं. एससीटीला उभं त्वरण आडव्याच्या पाव हिश्शाहून कमी होतं. म्हणजे तळ्यावर पोचेपर्यंत रॅली आणि लव्ह दोघीही एकच काम करत होत्या.

मग इतका वेळ का?

खरवसाच्या हिशेबानं आवर्तकाल मिळतो, वाढही बऱ्यापैकी मिळते. पण खालून उनामचा धक्का द्यायचा आणि वर काय येतं ते संगणकावर पाहायचं म्हटलं, तर येणारी हालचाल खऱ्या नोंदीपेक्षा फार लवकर विझते. तळ्याच्या काही भागांत जमीन त्याहून कितीतरी वेळ हलत राहते, आणि झोके मधेच ओसरून पुन्हा चढतात. विणकराच्या धोट्यासारखं काहीतरी आत इकडून तिकडे जात असावं, असं वाटायला लावणारी ही रेघ आहे.

पहिला संशयित साहजिकच खोऱ्याची कड. सरळ वर येणारी लहर तळ्याच्या काठाला, जिथं मऊ थर निमुळता होत संपतो तिथं आपटते, आणि तिथून मातीच्या थरात नव्या पृष्ठलहरी जन्म घेतात. त्या तळ्यातून आडव्या फिरत राहतात, म्हणून हलणं लांबतं. १९८८मध्ये पिएर-इव्ह बार आणि सहकाऱ्यांनी हे गणितानं मांडलं. चित्र सुरेख आहे. फ्रान्सपासून जपानपर्यंत अनेक खोऱ्यांत ते लागूही पडतं.

मेक्सिकोत ते एका साध्या भागाकारापाशी अडकतं. दोन सेकंदांची लहर ७५ मीटरनं जात असेल तर तिची तरंगलांबी १५० मीटर. मातीचं अवमंदन अगदी कमी, दोन टक्के धरलं, तरी दर तरंगलांबीमागे लहर सुमारे बारा टक्के उतरते. एक किलोमीटरवर ती निम्म्याहून खाली, तीन किलोमीटरवर आठ टक्के. तळ्याचा पसारा कित्येक किलोमीटरांचा. काठावर जन्मलेली लहर शहराच्या मध्यापर्यंत चालत येणं तिच्या दमाबाहेरचं आहे. आणि गंमत अशी की वर ज्याला आपण ‘माती ऊर्जा गिळत नाही’ म्हणून दोष दिला, तीच माती इथं फार गिळते असं म्हणायची वेळ येते. विरोध नाही यात. जागच्या जागी डोलताना प्रत्येक झोक्याला खालून नवी ऊर्जा मिळते. आडवं चालताना लहर शिदोरीवर असते, आणि इतक्या मंद चालीला शिदोरी पुरत नाही.

मग उनाममधलेच मूळ भारतीय भूकंपशास्त्रज्ञ श्री कृष्ण सिंग आणि त्यांचे सहकारी मारिओ ओर्दास यांनी प्रश्नच उलटा केला. तळ्यावर हलणं लांबतं, असं आपण कशाच्या तुलनेत म्हणतो? कातळावरच्या नोंदीच्या. पण कातळावरची यंत्रं ठरावीक जोराखाली नोंदच करत नव्हती. आलेख संपला याचा अर्थ हलणं संपलं असा नव्हता. जास्त संवेदनशील भूकंपमापकांवर पाहिलं तर कातळावरही लांबलचक शेपूट सापडलं. १९९३च्या त्यांच्या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं : लांबण तळ्यात तयार होत नाही, ती बाहेरून येते. माती फक्त त्या मंद शेपटाला आठ-दहा पट करून ऐकवते.

याच दोघांनी १९९२मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती, आणि मला ती जास्त अस्वस्थ करते. ज्या डोंगर विभागाला सगळे ‘कठीण जमीन’ म्हणून मोजपट्टी धरत होते, तिथंही हलणं तितक्याच अंतरावरच्या इतर जागांपेक्षा कितीतरी जास्त होतं, काही वारंवारतांना दहापटीपर्यंत. कारण लाव्हाच्या त्या कठीण कवचाखाली मेक्सिकोच्या आडव्या ज्वालामुखी पट्ट्याचे तुलनेनं मऊ थर आहेत. म्हणजे मोजपट्टीच फुगलेली होती.

एकावर एक तीन चाळण्या ठेवाव्यात तसं चित्र उभं राहतं. सर्वांत खाली भूकवच : किनाऱ्यापासून ऊर्जा त्यात कोंडून आणली गेली आणि वाटेत पांगून लांबली. मधे ज्वालामुखी पट्ट्याचे थर : त्यांनी त्यातला दोन-तीन सेकंदांच्या आसपासचा भाग उचलून वाढवला आणि अनेक वाटांनी फिरवला. वर तळ्याची माती : तिनं नेमके दोन सेकंद निवडले. तळ्याच्या पृष्ठभागावर जे दिसलं ते मातीनं केलं हे खरं, पण लहर मातीतून चालत आली नव्हती. ती खालच्या थरांतून सेकंदाला किलोमीटरांच्या वेगानं गेली आणि वाटेतल्या प्रत्येक जागची माती जागच्या जागी डोलवत गेली. काठाच्या लहरींचा वाटा शून्य आहे असं कुणी म्हणत नाही. काठापासून किलोमीटरभरात त्या असतातच. मध्यभागातल्या मिनिटांचा हिशेब मात्र त्यांच्यानं लागत नाही.

घण, जिओफोन आणि एसटी

हे सगळं मोजायचं कसं, यावर थोडं, कारण आपल्याकडच्या कामांत नेमकी इथं गल्लत होते. पृष्ठलहरींच्या पांगण्यावरून थर ओळखायची पद्धत आता सर्रास वापरतात. मोकळ्या प्लॉटवर एका रेषेत २४ जिओफोन, म्हणजे जमिनीचं हलणं टिपणारी छोटी यंत्रं, ठोकायचे, टोकाशी धातूची पट्टी ठेवायची आणि आठ किलोचा घण मारायचा. लहर एकेका जिओफोनला कधी पोचली ते पाहायचं, कोणती वारंवारता किती गतीनं गेली याची वक्ररेषा काढायची आणि त्यावरून खालचे थर उलगडायचे. घण मारणारा गडी दमला की ठोके ढिले पडतात, आणि प्लॉटशेजारून एसटी गेली की अख्खी नोंद पुसून पुन्हा घ्यावी लागते.

पण घणाचा आवाका बघा. त्याच्या ठोक्यात पाच हर्ट्झच्या खाली फारसं काही नसतं. ७५ मीटरच्या मातीत पाच हर्ट्झची तरंगलांबी १५ मीटर, म्हणजे दिसलं ते सहा-सात मीटरपर्यंत. एससीटीच्या मातीचा तळ ३८ मीटरवर आणि खरे कारस्थानी थर शेकडो मीटरवर. त्यांच्यापर्यंत पोचायला अर्ध्या हर्ट्झच्या आणि त्याहूनही संथ लहरी लागतात. घण कितीही मोठा घेतला तरी त्या निघत नाहीत. तिथं जमिनीची सततची बारीक थरथर ऐकत बसावं लागतं. काही थरथर रस्त्यांवरच्या गाड्यांची, अगदी संथ असते ती समुद्राच्या लाटांची. मघाशी शिव्या घातल्या ती एसटी इथं कामाला येते. केइइती आकी यांनी १९५७मध्ये अशा थरथरीतून थरांची गती काढायची रीत दाखवली, आणि १९८९मध्ये युताका नाकामुरा यांनी आडव्या थरथरीला उभीनं भागून जागेचा आवर्तकाल वाचायची सोपी युक्ती लोकप्रिय केली. ती चालते, कारण वर सांगितलं तेच : आवर्तकालाजवळ रॅली लहर उभं हलणं सोडते.

आपल्याकडे अहवालात बहुतेक वेळा एकच आकडा मागतात, वरच्या ३० मीटरमधली सरासरी कर्तन गती. एससीटीसाठी तो आकडा ‘फार मऊ’ एवढं सांगेल. दोन सेकंद सांगणार नाही, कारण मातीचा तळ तीसच्या खाली आहे. आणि दोन-अडीच मिनिटांबद्दल तर चकार शब्द काढणार नाही.

त्याच तारखेला, दुसऱ्या लयीत

१९ सप्टेंबर २०१७. सकाळी ११ वाजता शहरानं १९८५च्या स्मरणार्थ भूकंपाची रंगीत तालीम केली. दुपारी १ वाजून १४ मिनिटांनी खराच भूकंप आला, मॅग्निट्यूड ७.१. तो किनाऱ्यावरचा नव्हता. शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर, खाली गेलेली कोकोस प्लेट पोटातच मोडली होती. किनाऱ्यावरच्या भूकंपांच्या वेळी शहराला मिनिटभर आधी इशारा देणारी यंत्रणा १९९०च्या दशकापासून आहे. या वेळी अंतरच इतकं कमी की बहुतेक ठिकाणी भोंगा आणि झोका बरोबरच आले.

प्रकरण म्हणून पाहिलं तर हा फेरतपासणीचा प्रयोगच होता. उनामच्या कातळावर त्वरण १९८५च्या दुपटीच्या जवळ गेलं. तरी एससीटीच्या जागेला १९८५सारखं झोडपलं गेलं नाही. नुकसान सरकलं पश्चिमेला, रोमा आणि कोंदेसा या वस्त्यांच्या पट्ट्यात, जिथं तळ्याची माती पातळ होत जाते आणि आवर्तकाल एक-दीड सेकंदाच्या आसपास येतो. जवळचा भूकंप, वाट छोटी, पांगायला वाव नाही, दोन सेकंदांच्या संथ लहरींचा वाटा कमी आणि छोट्या आवर्तकालांचा जास्त. पडल्या त्या बऱ्याचशा चार ते आठ-दहा मजली इमारती. शहरात २२८ माणसं गेली. ज्यांनी १९८५चा धडा ‘तळ्याचा मध्य वाईट, काठ बरा’ असा पाठ केला होता, त्यांना काठानं उत्तर दिलं.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचं उदाहरण म्हणजे २६ जानेवारी २००१चं अहमदाबाद. भूज परिसरातला भूकंप दोनशे किलोमीटरहून दूर, आणि साबरमतीच्या जाड गाळावर कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब ठेवण्याची हौस त्यात होतीच, पण लांबून आलेल्या संथ लहरी आणि गाळ यांचाही हात होता. १९९३च्या किल्लारीला मात्र हे लावू नये. तो पायाखालचा उथळ भूकंप होता आणि तिथं माणसं मारली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी. सह्याद्रीच्या पठारावर काळी माती आणि मुरूम काही मीटरांचे, खाली बेसॉल्ट. आवर्तकाल सेकंदाच्या छोट्या अंशात. मुंबईत भराव आणि खाडीची चिकणमाती आहे, पण समजा १५ मीटर जाडी आणि १२० मीटर गती धरली तर आवर्तकाल अर्धा सेकंद येतो, म्हणजे पाचेक मजली जुन्या इमारतींची लय. टॉवरवाल्यांपेक्षा चाळवाल्यांनी ऐकावा असा हा आकडा आहे.

मेक्सिकोचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही, कारण जमीनच बदलते आहे. शहर पिण्यासाठी जमिनीखालचं पाणी उपसतं, माती आकसते आणि शहर खचतं, काही भागांत वर्षाला ४० सेंटीमीटरहून जास्त. स्वातंत्र्याच्या देवदूताचा स्तंभ खोल पायावर उभा आहे. भोवतालचा रस्ता खाली गेला म्हणून त्याला १४ नव्या पायऱ्या जोडाव्या लागल्या. पाणी गेलेली माती पातळ होते आणि घट्ट होते. जाडी कमी, गती जास्त : चार गुणिले जाडी भागिले गती यात वरचा आकडा घटतो, खालचा वाढतो. १९८५ला दोनवर असलेल्या जागा हळूहळू त्याखाली सरकत आहेत, तिथल्या इमारती मात्र त्याच आहेत. एखाद्या सात मजली इमारतीला तेव्हा ती लय चुकली म्हणून जीवदान मिळालं असेल, तर तिच्या पायाखालची माती आता तिच्याच दिशेनं येते आहे. म्हणून तिथले अभियंते आवर्तकालाचा नकाशा एकदा काढून भिंतीवर टांगत नाहीत. तो दर काही वर्षांनी नव्यानं मोजावा लागतो.